पुनरुक्ती

भारतीय काव्यशास्त्राने पुनरुक्ती हा दोष मानला आहे. एकच अर्थ निष्कारण पुन्हा सांगितला की रसहानी होते, असे आम्ही दोघी बहिणी गेली वीसेक वर्षे आपापल्या महाविद्यालयांत मराठीच्या वर्गांना शिकवत आलो आहोत. अपवादही सांगतो: शोक, भय, अनुकंपा यांच्या आवेगात तीच उक्ती पुन्हा आली तर ती दोष राहत नाही. हा अपवाद शिकवताना दोघींच्याही मनात एकच उदाहरण येते. पाठ्यपुस्तकात ते नाही. ते आमच्या आजीचे आहे.

आजी वसईची, सामवेदी ख्रिस्ती समाजातली. लाल लुगडे, अनवाणी पाय, कमरेला विळा. घरात बोली सामवेदी, चर्चमध्ये मराठी. वाडीत केळी, पानवेली आणि मोगरा. तारुण्यात तिने पहाटेच्या गाडीने दादरला फुले नेऊन विकली होती. त्या गाडीतही तिची जपमाळ चाले, असे तिच्या सोबतिणी सांगत.

तिच्या आयुष्याची पहिली चाळीस वर्षे मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. अर्थ ठाऊक नसलेले शब्द तिला आरंभापासून शेवटपर्यंत पाठ होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना मराठीत आली. पुढे एम.ए.च्या अभ्यासात आम्ही तिला मोठ्या उत्सुकतेने विचारले, "शब्द कळू लागल्यावर कसं वाटलं?" तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "शब्द आता कळले. देव काय तेव्हा परका होता?" आमच्या प्रश्नावलीत या उत्तरासाठी रकाना नव्हता.

त्याच वर्षी फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' आम्हाला अभ्यासाला होते. १६१६ साली रोमन लिपीत छापले गेलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य आम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवत असू. जुनी मराठी तिला अडली नाही. जात्यावरची ओवी तिच्या कानात होतीच. मात्र क्रुसाच्या पायथ्याशी उभी असलेली मारिया आली की ती हात वर करून आम्हाला थांबवी आणि उठून स्वयंपाकघरात जाई. तो भाग आम्ही तिच्यासमोर कधी पुरा केला नाही. तिचे कारण आम्हाला ठाऊक होते.

ते कारण म्हणजे धाकटे काका. नव्वदच्या दशकात वसईच्या जमिनींना भाव आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली होती आणि आमचे बाबा तिच्या सभांना जात. अशा दिवसांत काकांनी आपल्या वाट्याची वाडी बिल्डरला विकली. त्यांचीही बाजू होती. डोक्यावर कर्ज होते, दोन मुलींची शिक्षणे व्हायची होती आणि वाडीत आता पोट भरत नव्हते. पण बाबांच्या लेखी हा आईला विकण्याचाच प्रकार होता. दोघा भावांचे बोलणे तुटले. घरात काकांचे नाव निघेनासे झाले.

नाव निघे ते फक्त संध्याकाळी. सातच्या घंटेनंतर आजी वेदीसमोर बसे. पाच दशके पुरी झाली की घरातल्या एकेका माणसाच्या नावाने ती एकेक 'नमो मारिया' म्हणे. पूर्वार्ध तिचा, उत्तरार्ध आम्हा सर्वांचा. थोरल्यापासून सुरुवात करून ती काकांच्या नावाशी येई, त्याच सुरात पूर्वार्ध म्हणे आणि थांबे. बाबा गप्प राहत. आजी मणी बोटात धरून बसून राही. ती रागावत नसे, आठवण करून देत नसे. शेवटी आई किंवा आम्ही पोरी उत्तरार्ध म्हणत असू, तेव्हा तो मणी पुढे सरके. हे दररोज, अकरा वर्षे.

एका संध्याकाळी, नव्या विद्येच्या तोऱ्यात, आम्ही तिला म्हणालो, "आजी, त्रेपन्न वेळा तेच ते. ही नुसती घोकंपट्टी नाही का?" ती हसली. वाडीतल्या बंद पडलेल्या रहाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याची माळ तरी कुठे बदलायची? गाडगी तीच. पाणी तेच असायचं का?" आम्ही निरुत्तर झालो, पण पटले म्हणून नव्हे. अशिक्षित माणसाचे चातुर्य म्हणून आम्ही ते वहीत टिपून घेतले. आज ती वही उघडली की लाज वाटते.

तोवर विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागले होते. उपसा वाढला तसे समुद्राचे पाणी आत सरकले. शेवटच्या वर्षी आजीच्या स्मृतीचेही तसेच काहीसे झाले. आम्हा दोघींना ती एकमेकींच्या नावाने हाक मारी, मग नावेच गेली. माळेच्या शेवटची यादीही तुटत तुटत तीन-चार नावांवर आली. त्यांत काकांचे होते.

२००६ च्या पावसाळ्यात ती गेली. काका अंत्यविधीला आले, दफनभूमीच्या फाटकाशी उभे राहिले, मूठभर माती टाकून निघून गेले. भाऊ बोलले नाहीत. त्या रात्री माळ बाबांनी हाती घेतली. नावे घेताना ते काकांच्या जागी आले आणि पुढच्या नावावर गेले. आईने त्यांना थांबवले नाही. फक्त शेवटी, सर्वांचे झाल्यावर, तिने एकटीने ते नाव घेतले आणि पूर्वार्ध म्हटला. उत्तरार्ध आम्ही म्हटला.

२०१४ साली काका गेले. आता बाबा स्वतः त्यांचे नाव घेतात, मृतांच्या यादीत, आजीच्या नावानंतर. जिवंतांच्या यादीत ते त्यांच्या तोंडून एकदाही आले नाही. हे लिहिताना आम्हाला समेटाचा गोड शेवट करता येत नाही, कारण तो झाला नाही. आजीच्या प्रार्थनेला फळ आले का, हे ठरवण्याचा अधिकारही आमचा नव्हे. एवढे मात्र पाहिले आहे की ज्या घरात एक माणूस वजा झाला होता, तिथे त्याची जागा रोज संध्याकाळी एका मण्याएवढी मोकळी ठेवली गेली. ती बुजू नये म्हणून तेच शब्द रोज म्हणावे लागत होते.

वर्गात एखादी विद्यार्थिनी विचारते, "पुनरुक्ती दोष केव्हा नसते?" आम्ही ग्रंथातले उत्तर देतो. परीक्षेला तेच लागते.