भावाची गाडी, आमची अमानत

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवण्यात वीस वर्षे गेली. वाशीमहून हिंगोलीकडे येताना आमचे कनेरगाव नाका लागते. महामार्गावरून दिवसरात्र गाड्या धावत असतात, पण आमच्या अंगणात आजवर मोटारसायकलच उभी राहिली. त्यामुळे धाकट्या भावाने गेल्या उन्हाळ्यात आपली मोठी हायब्रीड कार दारात आणून लावली तेव्हा सारी गल्ली पाहायला जमली.

भाऊ मस्कतला नोकरी करतो. सुट्टीत आला होता, तेव्हा पुण्यातून ही जुनी पण महागडी गाडी घेतली. परत जाताना चावी आमच्या हातात ठेवून म्हणाला, "भाईजान, ही तुमच्याकडे अमानत. वापरत राहा, अम्मीला फिरवा." आम्ही मान डोलावली खरी, पण मनात धाकच बसला. ओरखडा पडला तर? काही बिघडले तर आपल्या पगारात भरून कसे द्यायचे? येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगायचा, "भारी गाडी आहे, जितकी कमी चालवाल तितकी टिकेल." आम्हालाही तेच सोयीचे वाटले. पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी केली, वरून ताडपत्री बांधली आणि अडीच महिने तिला हात लावला नाही.

पावसाळ्यातल्या एका रात्री, फजरला अजून बराच वेळ होता, अम्मीच्या छातीत दुखू लागले. धावत जाऊन ताडपत्री ओढली, चावीचे बटण दाबले. दार उघडेना. पुन्हा दाबले. ना दिवा लागला, ना आवाज आला. लाखो रुपयांची गाडी दगडासारखी उभी होती. शेवटी शेजारच्या भाईंनी आपली जुनी जीप काढली आणि अम्मीला दवाखान्यात पोहोचवले. वेळेत उपचार मिळाले. अल्हमदुलिल्लाह, तिसऱ्या दिवशी अम्मी घरी आल्या. पण त्या रात्रीच्या दहा मिनिटांची आठवण अजूनही झोप उडवते.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करायला मंडळी जमली. एकाने ओळखीचा ट्रक आणला. त्याच्या बॅटरीला वायर लावायची तयारी चालली होती, तेवढ्यात आमचा एक जुना विद्यार्थी आला. आयटीआय करून तो आता गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. लांबूनच ओरडला, "सर, थांबा! ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची असते. ही गाडी बारावर चालते. लावली असती तर आतले सगळे कॉम्प्युटर जळाले असते." ज्याला आम्ही अलिफ-बे शिकवले, त्याने त्या दिवशी आम्हाला धडा दिला. तो सगळा धडा वाचकांसाठी इथे मांडतो. आपल्या कितीतरी घरांत परदेशी असलेल्या भावाची, मुलाची, जावयाची गाडी अशीच सांभाळायला असते.

हायब्रीड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटार एकत्र. टोयोटाची प्रियस ही अशी कार जपानमध्ये १९९७ साली बाजारात आली. आपल्याकडे २०१३ पासून कर्नाटकातल्या बिडदीच्या कारखान्यात कॅमरी हायब्रीड तयार होऊ लागली. या प्रकारच्या गाडीला घरी चार्जिंग लावावे लागत नाही. ब्रेक दाबला किंवा उतार लागला की मोटार उलट जनित्राचे काम करते आणि मोठी बॅटरी भरते. कमी पडले तर इंजिन भरून काढते.

आमची चूक कुठे झाली? गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक मोठी, दोनशे व्होल्टच्याही वरची, जी गाडी ओढते. दुसरी छोटी, बारा व्होल्टची, जी दारे, दिवे आणि कॉम्प्युटर जागे करते. छोटी जागी झाल्याशिवाय मोठीचा प्रवाह सुरूच होत नाही. आणि गाडी उभी असली तरी अलार्म, कुलूप यांच्यासाठी छोटीतून थोडी थोडी वीज जात राहते. अडीच महिन्यांत ती रिकामी झाली. म्हणजे गाडी वापरण्याने नव्हे, न वापरण्याने अडली.

आता आमचा नियम असा आहे. दर आठवड्याला, जुम्याच्या नमाजनंतर, गाडी बाहेर काढून निदान अर्धा तास चालवायची. ते जमले नाही तर 'रेडी' हा शब्द दिसेपर्यंत सुरू करून अर्धा तास पार्किंगमध्ये, म्हणजे पी वर, उघड्या जागेत उभी ठेवायची. न्यूट्रलवर ठेवायची नाही, कारण तिथे मोठी बॅटरी भरत नाही. इंजिन मधूनच बंद पडले तर घाबरायचे नाही, तिची रीतच तशी. मात्र गाडी 'रेडी'त असताना मुलांना आत एकटे सोडायचे नाही. आवाज नसतो, पण पाय पडला की गाडी पळते. गल्लीत खेळणाऱ्या पोरांनाही ती मागून आलेली कळत नाही, म्हणून वळताना काच खाली करून पाहावे.

स्मार्ट चावी गाडीपासून लांब, घरातल्या कपाटात ठेवावी. चावीच्या आतच लोखंडी चावी लपलेली असते. छोटी बॅटरी संपली तरी तिने दार उघडते. आम्हाला त्या रात्री हेही माहीत नव्हते. बाहेरून वीज द्यायची वेळ आलीच, तर बारा व्होल्टच्याच बॅटरीने, लाल वायर लालला, पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. उलटी जोडली तर नुकसान मोठे. आपल्या हायब्रीडवरून दुसऱ्याची गाडी मात्र सुरू करून देऊ नये. मदत करायचीच तर जीपवाल्या भाईंना हाक मारावी.

मोठ्या बॅटरीला हवा लागते. अनेक गाड्यांत मागच्या सीटजवळ छोटी जाळी असते, तिथून पंखा हवा ओढतो. आमच्याकडे सोयाबीन आणि हळदीच्या हंगामात धूळ विचारू नका. त्या जाळीवर पिशव्या, चादर ठेवू नये आणि सर्व्हिसच्या वेळी आतला फिल्टर साफ करून घ्यावा. बॅटरी तापत राहिली की तिचे आयुष्य घटते. या बॅटरीवर काही कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वॉरंटी देतात. जुनी गाडी घेणाऱ्याने वॉरंटी किती उरली आणि सर्व्हिसची नोंद पुरी आहे का, हे आधी पाहावे.

इंजिन ऑइल पुस्तिकेत लिहिलेलेच, बहुधा पातळ प्रकारचे. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा बदलावे. मोटारीच्या इन्व्हर्टरला अनेक गाड्यांत वेगळे कूलंट असते, त्याची पातळीही पाहावी. ब्रेकचे पॅड खूप टिकतात, कारण निम्मे काम मोटार करते. पण वापर कमी म्हणून पावसाळ्यात ते गंजून अडकतात, तेव्हा वर्षातून एकदा उघडून साफ करावेत.

नारिंगी रंगाच्या वायरींना कोणीही हात लावू नये, हौशी मेकॅनिकने तर नाहीच. पैनगंगेला पूर येतो तेव्हा पाण्यात गाडी घालू नये. पाणी आत शिरले तर सुरू करून पाहू नये. ओढून न्यायची झाली तर चारही चाके उचलणारा ट्रकच बोलवावा. चाके फिरली की मोटार वीज तयार करते आणि यंत्रणा बिघडू शकते.

राहिली गोष्ट भावाची. घडलेले त्याला सांगावे की लपवावे, यावर आम्ही दोन दिवस घातले. नवी छोटी बॅटरी बसली होती, गाडी सुरू झाली होती, सांगितले नसते तरी चालले असते. पण अमानतीत झाकपाक कशी करायची? फोन केला. सगळे ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाईजान, बॅटरीचे सोडा. मी गाडी तुमच्याकडे ठेवली ती अम्मीसाठी. तुम्ही ती माझ्यासाठी जपून ठेवलीत." आमच्याकडे उत्तर नव्हते.

अमानत म्हणजे कुलूप लावून ठेवणे, असे आम्ही समजत होतो. आता वाटते, ज्या कामासाठी वस्तू दिली त्या कामाला ती तयार ठेवणे, ही खरी अमानतदारी. आता गाडीत एक वही ठेवली आहे. कोणत्या तारखेला चालवली, किती किलोमीटर, काय तपासले, ते त्यात लिहितो. दर जुम्याला अम्मी मागच्या सीटवर बसतात आणि नदीच्या पुलापर्यंत फेरी होते. भाऊ पुढच्या सुट्टीत येईल, इन्शाअल्लाह, तेव्हा चावीबरोबर ही वहीही त्याच्या हातात देऊ.