टवका उडालेली बाटली

बिअरची रिकामी बाटली हातात आली की मी आधी तिचं तोंड बघतो. अंगठ्याचं नख काठावरून पूर्ण फिरवतो. नख अडकलं तर बाटली माझी, सरळ फिरून आलं तर माझी नाही. हा नियम मला सुचायला सात वर्षं लागली. तोवर मी शेकडो बाटल्या कापल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच कापायला नको होत्या.

माझं आयुष्य भोसरीतल्या टूलरूममध्ये गेलं. लोखंडाशी मैत्री जुनी. काचेशी जुळली ती मित्रांमुळे. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. त्यानंतर आमच्या कंपूची बिअरची आवड बदलली. पूर्वी थंड आहे की नाही एवढंच बघायचो. आता गव्हाची की बार्लीची, हॉप्स कुठले, यावर वाद व्हायला लागले. कुणी बेल्जियमहून, कुणी जर्मनीहून बाटल्या आणू लागला. त्या रिकाम्या झाल्या तरी टाकवत नसत. एकाने त्या कपाटावर देशांप्रमाणे मांडल्या. एकाच्या गॅलरीत प्रत्येक बाटलीतून मनीप्लांट लोंबतो. एकाने बागेतल्या वाफ्यांना बाटल्या उलट्या पुरून कड केली, आणि पावसाळ्यानंतर मातीतून वर आलेले ते तपकिरी बुडखे खरोखर देखणे दिसतात. त्यांच्या मुलांनी बिल्ले गोळा केले, जसे आम्ही लहानपणी सोड्याच्या बाटल्यांचे करायचो. मी म्हटलं, मी पेले करतो.

पहिली बाटली रॉकेलात भिजवलेल्या दोऱ्याने कापायला गेलो. दोरा गुंडाळायचा, पेटवायचा, विझत आला की बाटली गार पाण्यात बुडवायची. बाटली तुटली, पण आडवी नाही; तडा वेडावाकडा खाली बुडापर्यंत गेला. दहातल्या आठ अशाच गेल्या. दोरा काचेचा बोटभर रुंद पट्टा तापवतो आणि त्या पट्ट्यात तडा कुठून जाईल ते त्याच्या मर्जीवर राहतं. लोखंडाला आपण कापतो. काच कापली जात नाही, तिला फक्त वाट दाखवता येते, हे टूलरूमच्या माणसाला पचायला वेळ लागला.

याचं कारण ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वी काचेवरच प्रयोग करून शोधलं. त्याचा निबंध १९२१ चा आहे. काच मुळात भक्कम असते. पण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक चरे असतात, आणि ताण आला की तो सगळा चऱ्याच्या टोकाशी एकवटतो. काच तिथून फाटते. म्हणजे कारागिराचं काम एवढंच, की त्या अदृश्य चऱ्यांपेक्षा मोठा एक चरा आपल्याला हव्या त्या जागी पाडायचा.

तो चरा टंगस्टन कार्बाइडच्या छोट्या चाकाने पाडतात. बाटली आडवी ठेवायची, दोन आधारांवर टेकवायची, आणि चाकावरचा दाब न बदलता एक फेरी घ्यायची. एकच. किर्र असा बारीक, अखंड आवाज यायला हवा. करकर झाली तर दाब जास्त, आवाजच नाही आला तर कमी. आणि चऱ्यावरून दुसऱ्यांदा कधीही जायचं नाही. मोह फार होतो, कारण पहिला चरा केसाएवढा दिसतो आणि मन म्हणतं, एवढ्याने काय होणार? दुसऱ्या फेरीत काठाचा भुगा होतो आणि तडा तिथे फाटे फोडतो. बाटली दोन अर्ध्या साच्यांत फुगवलेली असते. त्या साच्यांच्या सांध्याच्या दोन उभ्या रेघा अंगावर असतात. चाक त्यांच्यावरून जाताना उडी मारतं. तिथे मी श्वास रोखतो.

मग किटलीतून उकळतं पाणी बारीक धारेने चऱ्यावर सोडत बाटली फिरवायची. लगेच नळाखाली गार धार. पुन्हा गरम, पुन्हा गार. तापलेली काच पसरते, गार झालेली आकसते, आणि त्या ओढाताणीत तडा चऱ्यावरून चालू लागतो. उजेडात धरलं तर दिसतो, चंदेरी, हळू पुढे सरकणारा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ‘टक्’ होतं आणि मान अलगद हातात येते. इतक्या वर्षांनीही त्या ‘टक्’ला माझं काळीज हलतं.

खरं काम पुढेच आहे. सपाट जाड काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन कापलेला काठ इंग्रजी आठच्या आकारात घासायचा. आधी ऐंशी नंबरची भरड पूड, मग दोनशेवीस, मग चारशे. आतली कड लाकडी दांडीला ओला वॉटर पेपर गुंडाळून मारायची. एका पेल्याला पाऊण तास. पाणी सुकू द्यायचं नाही; काचेची धूळ छातीत आणि डोळ्यांत जायला नको. मी सगळ्यांना सांगतो, या पेल्यात ताक घ्या, पन्हं घ्या, सरबत घ्या, पण चहा ओतू नका. बाटलीची काच तो धक्का सोसायला बनवलेली नसते.

सात वर्षं असं चाललं. मग एकदा शनिवारी सकाळी आमच्या भागातल्या भंगारवाल्या मामांकडे पेल्यांसाठी बाटल्या मागायला गेलो. ६५० मिलिलिटरच्या तपकिरी बाटल्यांच्या गोणी होत्या. मी एक उचलली. मामा म्हणाले, ‘‘ही नको घेऊ साहेब, ही परत जाते.’’ आणि तिच्या खांद्यावरचं पांढरट कडं बोटाने दाखवलं. तसंच एक कडं बुडाजवळ. मी ते हजारदा पाहिलं होतं, घासून काढायचाही प्रयत्न केला होता, आणि निघत नाही म्हणून चिडलोही होतो. कारखान्यातल्या पट्ट्यावर आणि क्रेटमध्ये बाटल्या एकमेकींना घासतात. प्रत्येक फेरीला खांदा आणि बूड थोडं झिजतं आणि ते पांढरं कडं रुंद होत जातं. म्हणजे ती बाटली कितीदा भरली गेली, कितीदा प्यायली गेली, याची ती नोंद आहे. झाडाच्या वर्तुळांसारखी.

त्या दिवशी घरी आल्यावर मी माझे पेले रांगेत मांडून पाहिले. अर्ध्याहून जास्त पेल्यांच्या बुडाशी ते कडं होतं. या बाटल्या अजून फिरल्या असत्या. त्यांची काच जाड ठेवलेली असते ती पुन्हा पुन्हा धुऊन भरता यावी म्हणूनच. अशा बाटल्यांच्या लेबलाला बऱ्याचदा दुधातल्या केसीनचा गोंद असतो, तोही मुद्दाम: बर्फाच्या पाण्यात टिकतो आणि धुलाईच्या कॉस्टिक सोड्यात सुटतो. आणि तपकिरी रंग? उजेडाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात, त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला उग्र दर्प येतो. तपकिरी काच तो उजेड अडवते. एवढा विचार करून बनवलेली वस्तू मी पाऊण तास घासून एका साध्या पेल्यापर्यंत खाली आणत होतो.

रिकाम्या बाटल्या कामी आणायचे जगात मोठे खटाटोप झालेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बिअर कंपनीवाल्या आल्फ्रेड हायनेकेनने कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावर किनाऱ्यावर पडलेल्या बाटल्या आणि घरांची वानवा एकत्र पाहिली, आणि डच वास्तुविशारद हाब्राकेनकडून विटेसारखी रचता येईल अशी चौकोनी बाटली बनवून घेतली. ती बाजारात कधी आली नाही. थायलंडच्या सिसाकेत प्रांतात भिक्खूंनी हिरव्या आणि तपकिरी बाटल्यांचं मंदिर उभारलं. त्याला दहा लाखांहून जास्त बाटल्या लागल्या. दोन्हींबद्दल मला आदर आहे. पण बाटलीची भिंत करण्याआधी बाटलीची पुन्हा बाटली करावी, हे माझं मत आता पक्कं आहे. जर्मनीत साध्या बिअरच्या बाटलीवर ८ सेंट अनामत असते, ती परत दिली की मिळते. मित्राने तिथून आणलेल्या बाटलीवरचं ते पांढरं कडं माझ्या बोटाएवढं रुंद होतं.

काच जपणं मी लहानपणी घरातच पाहिलं होतं. माझं आजोळ कऱ्हाडकडचं. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील घरात होता. आजी रोज दिवेलागणीआधी त्याची काच राखेने आणि मऊ फडक्याने पुसायची आणि त्या वेळी आम्हा पोरांना जवळ येऊ द्यायची नाही. १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो लोकांकडून एकेक पैसा जमवून. त्या पिढीला काच सहज मिळाली नव्हती, म्हणून ती सहज फुटूही दिली जात नव्हती. आता आम्ही ट्रेकला जातो तेव्हा गडाच्या तटाखाली फोडलेल्या बाटल्यांचा खच दिसतो. मी हातमोजे घालून जमेल तेवढा गोळा करतो. भट्टीत त्याचंही चीज होतं: फुटकी काच घातली की मिश्रण कमी उष्णतेत वितळतं आणि इंधन वाचतं. पण अख्खी बाटली धुऊन भरणं यापेक्षा कितीतरी स्वस्त.

आता माझ्याकडे येतात त्या तोंडाचा टवका उडालेल्या बाटल्या. त्यांच्यावर झाकण घट्ट बसत नाही, म्हणून त्या परत भरता येत नाहीत. भंगारवालेही बाजूला काढतात. शिवाय परदेशी, वेड्यावाकड्या आकाराच्या, ज्यांना इथे कुणी परत घेणारं नाही. काम कमी झालं आणि माझा हात सुधारला. मागच्या दिवाळीत अशाच एका बाटलीचं बूड कापून दिव्याची काच केली. बिअरला उजेडापासून वाचवणारा तोच तपकिरी रंग, आतून वात लावली की मधासारखा पेटतो. तो दिवा मी मामांना दिला. त्यांच्या दुकानात, वजनकाट्याच्या वर टांगलेला आहे.

तेव्हा बाटली रिकामी झाली की ती विसळा आणि काठावरून एकदा नख फिरवून बघा. काठ शाबूत असेल तर ती भंगारवाल्याला द्या, कापू नका. टवका उडाला असेल, तर माझ्यासाठी ठेवा.