ठराव आणि हंडा

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की दुसऱ्या शहरातला वाचणारा म्हणतो, हे तिकडचं, आपल्याकडं असं नाही. गावाला गावकुसाबाहेरची वस्ती असते तशी शहराला नाल्याकाठची असते. त्या नाल्याकाठी मी वाढलो.

1972 च्या दुष्काळात मायनं मला काखेला मारलं, डोक्यावर गठुडं घेतलं नि बापाच्या मागं शहरात आली. गावात विहिरीवर चढायची बंदी होती. खाली उभं राहायचं, हंडा ठेवायचा, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. शहरात अशी बंदी नव्हती. कारण शहरात आम्हाला विहीरही नव्हती आणि नळही नव्हता. बाप म्हणायचा, "हितं कुणी जात इचारत न्हाई." अर्धं खरं होतं. हाटेलात कपबशी वेगळी नव्हती, बसमध्ये शेजारी कुणी बसलं तर उठत नव्हतं. पण पाण्याची लाईन मेन रोडपर्यंत येऊन थांबली होती. रस्त्याच्या पलीकडं सोसायटी, अलीकडं आम्ही. पाइपाला जात कळत नाही. तो कुठं थांबवायचा हे ठरवणाऱ्याला बरोबर कळते.

माय पहाटे तीनला उठायची. सोसायटीच्या मागं एक फुटका व्हॉल्व्ह होता, त्याच्यातून पाणी झिरपायचं. तिथं चाळीस-पन्नास हंड्यांची रांग. चावीवाल्याला महिन्याला पैसे द्यायचे म्हणजे तो व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा नाही. आमच्या वस्तीची पाणीपुरवठा योजना ती एवढीच.

मी शिकलो. वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट. चळवळीत आलो. मोर्चे, भाषणं, रात्र रात्र चर्चा. त्याच दिवसांत 74 वी घटनादुरुस्ती आली. 1992 सालची, 1 जून 1993 पासून लागू झाली. महापालिकेत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, बायांना एक तृतीयांश जागा. घटनेला बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नगरपालिकांनी करायची अठरा कामं लिहिली. त्यात पाणीपुरवठा आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, शहराची आखणी आहे. आम्ही हे वस्तीत फळ्यावर लिहून समजावलं. आता शहर आपण घडवणार, असं मीच छाती पुढं काढून बोललो होतो.

1997 ला आमचा वॉर्ड राखीव निघाला आणि आमचाच माणूस नगरसेवक झाला. आमच्या गल्लीतला, आमच्याबरोबर पोस्टर चिकटवलेला. गुलाल उधळला. मी त्याचा उजवा हात. पुढच्याच वर्षी त्यानं वस्तीच्या पाइपलाईनचा ठराव मंजूर करून आणला. ठरावाची प्रत मी स्वतः आणली, लॅमिनेशन करून विहारात बाबासाहेबांच्या फोटोखाली लावली. पेढे वाटले.

माय पेढा घेऊन म्हणाली, "पाणी कवा?"

मी म्हणालो, "ठराव झालाय माय. आता झालंच समज."

ठराव झाला 1998 ला. 99 गेलं, 2000 गेलं. पाइप आला नाही. वस्तीच्या तोंडाशी 14 एप्रिलला मोठी कमान आली. सिमेंटची, वर निळा रंग, एका बाजूला नगरसेवकाचं नाव. उद्घाटनाचं भाषण मी लिहून दिलं. माय कमानीखालून हंडा घेऊन यायची. एकदा थांबून वर बघत म्हणाली, "लई उंच केली रं. हंडा लागत न्हाई वर." तेव्हा मला ते कौतुक वाटलं. टोमणा होता हे पुढं कळलं.

इथं जरा महाडला जाऊ. आपण सगळे 20 मार्च पाळतो, तिथं जातो, चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतो. पण महाडची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. ती आधी एका नगरपालिकेची गोष्ट आहे.

4 ऑगस्ट 1923 ला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी खर्चाच्या विहिरी, तळी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढच्या जानेवारीत, म्हणजे 1924 ला, महाड नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी सुधारक माणसं तिथं होती, त्यांची नियत साफ होती. म्हणजे कायदा होता, ठराव होता, चांगला पुढारीही होता. तरी तीन वर्षं एकाही अस्पृश्यानं त्या तळ्यातलं घोटभर पाणी घेतलं नाही. 1927 च्या मार्चमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं खुलं असलेल्या गावात पाणी विकत! आमचा चावीवाला आठवा.

परिषदेसाठी राबणारे कोण? महाडच्या मुलखातला रामचंद्र बाबाजी मोरे, वय चोवीस. त्याच्यासारखी पोरं गावोगाव फिरली म्हणून माणसं जमली. दुसऱ्या दिवशी, 20 मार्चला, बाबासाहेबांच्या मागं ती माणसं तळ्यावर चालत गेली, पाणी प्याली, तेव्हा 1924 चा ठराव पहिल्यांदा खरा झाला. त्याची किंमत त्याच दिवशी डोकी फोडून घेऊन दिली.

आणि नगरपालिकेनं काय केलं? 4 ऑगस्ट 1927 ला ठराव मागं घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तोवर कोर्टाचा मनाई हुकूम आलेला. त्या परिषदेत 25 तारखेला मनुस्मृती जाळली. तळ्यात मात्र कुणी हात घातला नाही. मग दहा वर्षं खटला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला 17 मार्च 1937 ला. तोही कसा? कोर्टानं माणुसकीवर प्रवचन दिलं नाही. स्पृश्यांना आपली वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे सिद्ध करता आलं नाही, म्हणून ते हरले. बाबासाहेब तळ्यावर चालत गेले आणि कोर्टात कागदांवरही लढले. आपण त्यातलं चालणं तेवढं उचललं. कागद सोडून दिला.

आता पुन्हा आमच्या वस्तीत. 2001 चा मे महिना. फुटका व्हॉल्व्ह कुणीतरी दुरुस्त केला. एका रात्रीत पाणी बंद. तिसऱ्या दिवशी बाया रिकामे हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसच्या दारात जाऊन बसल्या. कुणी पुढारी नाही, बॅनर नाही, माईक नाही. माझी माय पुढं.

मला नगरसेवकाचा निरोप आला. "बायांना उठव. आपल्याच माणसाची बदनामी होतीय. विरोधक फायदा घेतील." मी गेलो. उन्हात बसलेल्या बायांसमोर उभा राहून बोललो. समाजाची एकजूट, शत्रूचा डाव, थोडी कळ सोसा, ठराव मंजूर आहे. चळवळीत शिकलेले सगळे शब्द तिथं खर्च केले.

मायनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठराव पिऊ का?"

बाया हसल्या. मी गप्प. ती पुढं म्हणाली, "तू त्येंचा माणूस हायेस का आमचा, येवडं सांग. त्येंचा असशील तर आत खुर्ची हाय, तितं बस. आमचा असशील तर हितं सावली न्हाई."

दोस्तहो, मी त्या दिवशी बसलो नाही. आतही गेलो नाही. घरी गेलो. पंचवीस वर्षं होत आली, हे मी कुठल्या सभेत सांगितलेलं नाही.

काम केलं ते पलीकडच्या गल्लीतल्या एका पोरीनं. बारावी कॉमर्स झालेली, हिशोब कळणारी. तिनं महापालिकेच्या बजेटची पुस्तकं कुठून तरी मिळवली. रस्त्यावर बायांच्यात बसून पानं उलटत राहिली. चौथ्या दिवशी सापडलं. आमच्या पाइपलाईनला 1998 ला पैसे धरले होते. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या लेखाशीर्षात वळवले, मेन रोडच्या सुशोभीकरणाला. वळवायच्या ठरावाला आमच्या नगरसेवकानं हात वर केला होता. पक्षाचा आदेश होता म्हणाला. बदल्यात त्याला कमान मिळाली.

त्याला शिव्या देणं सोपं आहे. आम्ही दिल्याही. पण त्याची अडचणही समजून घ्या, कारण उद्या तुमच्यातला कुणी तिथं बसेल. वॉर्ड राखीव असला तरी मतं सगळ्या वॉर्डाची. आमची वस्ती वॉर्डाचा पाचवा हिस्सासुद्धा नव्हती. निवडून आणणारी सोसायटी, तिकीट देणारा पक्ष. पुढच्या खेपेला आरक्षण फिरणार, वॉर्ड दुसरीकडं जाणार, तेव्हा तिकीट टिकवायचं तर वरच्याला खूष ठेवणं आलं. 1932 च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा आल्या, तेव्हाच हा पेच आपल्या वाट्याला आला. बाबासाहेब पुढं आयुष्यभर त्यावर बोलत राहिले. आपण तो दिल्लीच्या, मुंबईच्या राजकारणाचा प्रश्न समजतो. तो गल्लीतल्या नळाचाही प्रश्न आहे. राखीव जागेवरचा माणूस आपल्यातला असतो, पण तो आपोआप आपला राहत नाही. तो आपला राहावा यासाठी खालून रोज रेटा लागतो. आम्ही त्याला निवडून दिलं, खांद्यावर घेतलं आणि मोकळे झालो. तो रेटा मी द्यायला पाहिजे होता. मी भाषणं लिहीत होतो.

बजेटाचं पान हातात आल्यावर अधिकाऱ्यांची भाषा बदलली. बाया एकूण अकरा दिवस बसल्या. पावसाळ्यात खोदकाम झालं. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ आला, सकाळी दोन तास पाणी. मायनं पहिला हंडा भरला, घरी आणला, मला एक तांब्या दिला. काही बोलली नाही. मी प्यालो. पुढं आठ वर्षं ती त्या नळावर गेली. गुडघे मात्र आधीच गेले होते.

हे आत्ता का लिहितोय? मागच्या महिन्यात वस्तीतली तीन-चार पोरं आली. शहराचा नवा विकास आराखडा जाहीर झालाय. नकाशात आमच्या वस्तीवरून रुंद रस्ता नेलाय. पोरं म्हणाली, "काका, सभा घेऊ, तुम्ही बोला." मी विचारलं, हरकती नोंदवायची मुदत कधी संपते? कुणाला माहीत नव्हतं. नकाशाची प्रत कुणाकडं आहे? मोबाईलवर फोटो होता, पुसट. सभेच्या बॅनरचं डिझाईन मात्र तयार होतं. मला माझीच तरुणपणची कमान दिसली.

म्हणून काही गोष्टी सांगतो. उपदेश म्हणून नाही, चुकलेल्या माणसाचा अनुभव म्हणून घ्या.

जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, हे किती जणांना ठाऊक आहे? 1868 ला त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे आपण सांगतो. पण व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर नगरपालिका हजार रुपये उधळायला निघाली तेव्हा त्यांनी एकट्यानं विरोध केला, तो पैसा शिक्षणाला लावा म्हणून. हे सांगत नाही. घरचा हौद ते आणि गावचा खर्च ते, दोन्हीवर त्यांची नजर होती. सत्यशोधकाचं ते एकच काम होतं.

2014 च्या डिसेंबरात मुंबई हायकोर्टानं पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की झोपडी बेकायदा ठरली तरी तिच्यात राहणाऱ्याचा पाण्याचा हक्क जात नाही. हा निकाल वस्तीतल्या लोकांनी झगडून मिळवला. तो तुमच्या खिशात पाहिजे. 2022 नंतर राज्यातल्या बऱ्याच महापालिकांवर कित्येक वर्षं प्रशासक बसला होता. नगरसेवकच नव्हते, तरी पैसा खर्च होत होता, नकाशे निघत होते. 2026 च्या जानेवारीत मतदान झालं. पुन्हा गुलाल उधळला गेला. ठीक आहे. पण गुलाल धुऊन झाल्यावर वॉर्ड ऑफिसात कोण जाणार, हे आधी ठरवा.

जयंतीच्या वर्गणीची वही आपल्याकडं प्रत्येक गल्लीत आहे. पैन् पैचा हिशोब असतो, चुकला तर मारामारी होते. मग महापालिकेच्या पैशाचा हिशोब कुठं आहे? तोही आपलाच पैसा आहे. प्रत्येक वस्तीतल्या दोन पोरी, दोन पोरं बजेट वाचायला बसवा. आपल्या वॉर्डाची पानं वेगळी काढून विहारात लावा. दलित वस्तीच्या नावानं किती आले, कुठं गेले, ते बायांच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. बायांना आधी बोलू द्या. पाणी कुठपर्यंत येतं हे त्यांच्या गुडघ्यांना माहीत असतं. आणि मुदत संपायच्या आत हरकत लेखी द्या, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आमच्या आराखड्याच्या हरकतींना अजून नऊ दिवस आहेत. रोज संध्याकाळी विहारात टेबल मांडतोय. घराघरातून हरकती लिहून घेतोय. कागद, पेन, शाई-पॅड एवढंच सामान. त्या दिवशी बजेट वाचणारी पोरगी आता आज्जी व्हायला आली, ती नकाशा वाचून दाखवते. मी अंगठे घेतो आणि आकडा लिहितो. काल रात्रीपर्यंत 214 झाल्या.

या वेळी मी घरी गेलेलो नाही.

जय भीम.