भात निघाले की शेत मुलांचे

विरारची लोकल पकडून वसईला उतरा आणि पश्चिमेला निर्मळ, आगाशीच्या वाटेने निघा. स्टेशनाजवळची इमारतींची दाटी मागे पडली की केळीच्या वाड्या, फुलांचे मळे आणि मधूनमधून भाताची खाचरे लागतात. पाहुणे इथे येतात ते चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला बघायला. तो अवश्य बघा. पण तुम्ही शेतकरी माणसे, तुम्हांला आधी खाचरेच दाखवावीशी वाटतात.

इथल्या पोरांचा खेळ भाताच्या हिशेबाने चालायचा. पीक उभे असेतो बांधावरूनच जायचे, आत पाऊल टाकले की बोलणी बसायची. त्या दिवसांत मुलींचे सागरगोटे आणि काचापाणी ओटीवर. दिवाळीच्या मागेपुढे कापणी झाली, भारे खळ्यावर गेले, की शेत मोकळे! मग ते कोणाचे हे कोणी विचारीत नसे. अनवाणी पायांना धस टोचायचे, पण आठ दिवसांत पोरांच्याच पायांखाली मोडून जायचे.

मग विटी-दांडू. त्यातली मोजणी आठवते ना? वकट, लेंड, मुंड, नाल... विटी कधी पायावर, कधी मुठीवर, कधी थेट डोळ्यावर ठेवून टोला हाणायचा. हे शब्द मुळात तेलुगू आकडे आहेत, ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. शाळेचे तोंड न पाहिलेले पोरही दुसऱ्या भाषेत मोजत होते!

आट्यापाट्यांना तर अशी सपाट, ढेकूळ फुटलेली जमीनच हवी. पाट्या ओलांडीत पलीकडे जायचे आणि ‘लोण’ घेऊन परतायचे. लोण म्हणजे मीठ, असे जाणते सांगतात. खाडीकाठी मिठागरे असलेल्या या मुलखात तो शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नसेल.

दुपारी ऊन तापले की बावखल. पावसाचे पाणी धरून ठेवणारी ही वसईची तळी; वाड्यांचे शिंपण त्यांवरच चाले. केळीच्या खांबाला धरून पोरे त्यांत पोहायला शिकत.

हे सगळे दुसऱ्याच्या जमिनीवर चालायचे, हे ध्यानात घ्या. दूर युरोपात स्वीडन म्हणून देश आहे. तिथे दुसऱ्याच्या रानातून हिंडण्याचा, रानफळे तोडण्याचा हक्क लहानथोर सर्वांना आहे. फक्त उभे पीक तुडवायचे नाही आणि कोणाच्या घराच्या अंगणात घुसायचे नाही. तो रिवाज जुना, पण १९९४ मध्ये त्यांनी तो राज्यघटनेत घातला. गंमत म्हणजे आपल्या विटी-दांडूसारखा खेळ तिकडची मुलेही खेळत आली आहेत. आपल्याकडे नियम तोच होता, लिहिलेला मात्र कुठेच नव्हता.

न लिहिल्याचा परिणाम वसईत बघायला मिळतो. १९९० मध्ये या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले, २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ पासून जिल्हा पालघर. दरम्यान जमिनीला भाव आला. खाचर विकले गेले, भोवती भिंत उठली, फाटकावर राखणदार बसला. कितीतरी बावखले भराव घालून बुजवली. सातबाऱ्यावरचे नाव बदलले तसा पोरांचा हक्कही गेला, कारण तो सातबाऱ्यावर कधी चढलाच नव्हता. विकणाऱ्याला तरी दोष कसा द्यावा? मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने त्यातूनच निघाली.

तरी जिथे अजून भात लावतात, तिथे कापणीनंतर खाचरात स्टंप दिसतात. विटीची जागा चेंडूने घेतली, एवढेच. आणि समुद्राला अजून भिंत घालता आलेली नाही. संध्याकाळी भुईगाव, राजोडी किंवा अर्नाळ्याला जा. ओहोटीला वाळू घट्ट होते, मग खेळायला हवी तेवढी जागा. भरतीचे पाणी पायाशी आले की डाव मोडतो, आणि कोण हरले यावर भांडत पोरे घरी निघतात.