पेटी कोणती?

आमचा गाव देवगड तालुक्यात आहे. सुकती लागली की आई खडपावर कालवे काढायला जाते. सुट्टी असली तर मीही जातो. तिथे खडकांवर व कालवांच्या पाठीवर पांढरे, टोकेरी दाणे घट्ट चिकटलेले असतात. त्यावर अनवाणी पाय पडला तर रक्तच येते. बाबांच्या होडीच्या बुडालाही ते धरतात, मग होडी काठावर ओढून खरवडावी लागते. आजी म्हणते, "ती कालवांची पोरां."

आमच्या वर्गात शास्त्राच्या दोन पेट्या आहेत, 'मृदुकाय' आणि 'संधिपाद'. हा दाणा शंख-शिंपल्यांबरोबर मृदुकायांत ठेवला होता. मला काही ते पटेना. कालवाला दोन शिंपा असतात. याची भिंत भिंगातून पाहिली तर कितीतरी तुकड्यांची, आणि वर झाकण! गुरुजी म्हणाले, "याला बार्नॅकल म्हणतात. पण पेटी बदलायची तर पुरावा आण."

मग मी दाणे असलेले एक कालव समुद्राच्या पाण्यात, पेल्यात ठेवले. चुलतभाऊ कंटाळून खेळायला गेला. मी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने झाकण उघडले आणि पिसासारखा झुपका बाहेर आला, मूठ मिटावी तसा मिटून आत गेला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत! भिंगातून त्या पिसांना सांधे दिसले. ते त्याचे पाय. सहा जोड्या असतात. डोके खाली चिकटलेले, पाय वर, आणि पायांनीच तो पाण्यातले बारीक अन्न ओढतो. दुसऱ्या दिवशी पाण्यात पायांची पातळ सालटे तरंगत होती. कुर्ली अशीच कात टाकते, कालव टाकत नाही.

गुरुजींनी पेला सगळ्यांना दाखवला. पूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा याला शिंपल्यांत धरत. १८३० मध्ये आयर्लंडमधील जॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरांनी त्याची पोहणारी पिल्ले पाहून तो खेकडा-कोळंबीच्या जातीचा असल्याचे दाखवले. डार्विनसाहेबांनी तर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे याच प्राण्यांच्या अभ्यासात घालवली. आठ वर्षे म्हणजे आमची सगळी शाळाच झाली!

आता बार्नॅकल संधिपादांच्या पेटीत, कुर्लीच्या डेंग्याशेजारी आहे. पालकांनी जरूर बघावा.

आजीने विचारले, "पाय आसत तर चलत कित्याक नाय?" मी सांगितले, लहानपणी तो पोहतो, पण एकदा जागा धरली की जन्मभर हलत नाही. त्यावर बाबा म्हणाले, "मगे ती जागा आमच्याच होडयेखाली कित्याक?"