सेट होणे, घडी बसणे

ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) सर्वांत दीर्घ नोंद होती ती 'सेट' या इवल्याशा शब्दाची. त्याच्या नुसत्या क्रियापदाचेच ४३० हून अधिक अर्थ तिथे नोंदवलेले आहेत. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकले. तरीही आम्हां मराठीच्या अध्यापकांना 'सेट'च अधिक जवळचा वाटतो.

वस्तुतः या एका रूपात दोन शब्द नांदतात. 'संच' या अर्थाचे नाम मुख्यतः लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आले. क्रियापद मात्र जुन्या इंग्रजीतले, आणि त्याचा मूळ अर्थ 'बसवणे'. हे ध्यानात आले की अनेक अर्थ एकदम घरचे वाटू लागतात. वैद्य हाड बसवतो, सोनार कोंदणात हिरा बसवतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'सेट'च. मात्र पुढे वाटा फुटतात. आपण गीताला चाल लावतो, प्रश्नपत्रिका काढतो, पायंडा पाडतो, दही विरजतो, आणि सूर्य मावळतो. इंग्रजी जिथे एका शब्दावर भागवते, तिथे मराठी प्रत्येक कृतीला तिचे स्वतंत्र क्रियापद देते. आता दहीही 'सेट' होते, गजरही 'सेट' होतो. शब्द एक आला, पण जागा अनेकांची गेली.

आमच्या व्यवसायात तर हा शब्द आद्याक्षरांच्या रूपाने अवतरला: राज्य पात्रता परीक्षा, म्हणजे 'सेट'. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती पुणे विद्यापीठ (आजचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) १९९५ पासून घेत आले आहे. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यांतला एकच योग्य. वर्गात आम्ही कवितेची अनेकार्थता शिकवायची आणि विद्यार्थ्याने परीक्षेत एकाच अर्थावर खूण करायची, हा विरोधाभास आता अंगवळणी पडला आहे.

अंगवळणी पडत नाही ते पुढचे. मराठीत 'सेट होणे' म्हणजे नोकरी लागणे, संसाराची घडी बसणे. पण 'सेट' उत्तीर्ण झालेली आमची कित्येक मुले वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास, तितकेच मानधन. सुट्टी लागली की तेही थांबते. मुलगा परीक्षेला बसतो, उत्तीर्ण होतो आणि उन्हाळ्यात घरी बसतो. 'बसणे' या आपल्या क्रियापदाने हे सारे किती निमूटपणे सामावून घेतले आहे!

अशा विद्यार्थ्याचे वडील कधी गावच्या बाजारात भेटतात आणि विचारतात, "सर, पोरगा सेट झाला ना?" कोश कितीही जाडजूड असला, तरी त्या क्षणी आमच्यापुढे दोनच अर्थ उभे असतात. एका अर्थी उत्तर 'हो' आहे. वडिलांनी विचारलेले असते ते दुसऱ्या अर्थाने.