चार आणे

लहानपणी, दिवाळीच्या तोंडावर, मी वडिलांच्या कोटातून चार आणे लांबवले. आळ आला घरच्या गड्यावर. तो मुकाट्याने निघून गेला. मग मी कबूल झालो. आईने नाणे परत ठेवायला लावले आणि अंगणाचा खराटा आठ दिवस माझ्या हाती दिला.

पुढे कायदा वाचला. १८६० च्या दंडसंहितेत साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद. नोकराने मालकाकडे केली तर ७, रक्कम चार आणे का असेना! १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत ५,००० रुपयांखालची पहिलीच साधी चोरी, ऐवज परत केल्यास, समाजसेवेवर भागते. आईचाच निवाडा की हा! नोकराची ७ वर्षे मात्र तशीच आहेत.

खराटा आठ दिवसांनी सुटला. गडी परत आला नाही.